दीपमाळेच्या टोकावर ध्रुव

मी दहावीला भूमिती शिकवते. "बाई, हे टॅन थीटा पुढे कुठे लागतं?" हा प्रश्न दर वर्षी मागच्या बाकावरून येतो. पूर्वी मी झाडाची सावली, इमारतीची उंची अशी पुस्तकातलीच उत्तरं द्यायचे. आता वर्गात एक फोटो नेते. सासवडच्या पुढे माझं माहेर आहे. तिथल्या भैरोबाच्या देवळासमोरची दगडी दीपमाळ, तिच्या बरोबर टोकावर ध्रुवतारा, आणि त्याच्याभोवती अख्खं आकाश गोल फिरलेलं. हा फोटो महागड्या कॅमेऱ्यानं निघालेला नाही. कुठे उभं राहायचं हे आधी वहीत काढलं, म्हणून निघाला.

रात्रीच्या फोटोबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हेच. अंधारात कॅमेऱ्याची बटणं कमी महत्त्वाची; तुमचे पाय कुठे आहेत ते जास्त महत्त्वाचं. चंद्र, तारे, रस्त्यावरचे दिवे यांतलं काहीच आपण हलवू शकत नाही. हलवता येते ती आपली जागा.

सामानाचं थोडक्यात सांगते. माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स, एक ५०ची एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि एक ५५-२५० झूम. ट्रायपॉड मात्र दणकट घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवायचं आणि बटण दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. मोबाइल असेल तर प्रो मोड उघडा, मोबाइल कशाला तरी घट्ट टेकवा आणि तोही टायमरवर चालवा. पुढचं बरंचसं मोबाइललाही लागू आहे.

दिवेलागण

शहराचा रात्रीचा फोटो काळ्याभोर आकाशात काढू नका. दिवेलागणीला काढा. सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि खिडक्यांतले, दुकानांतले दिवे त्याच्या उजेडाशी बरोबरी करतात. त्याआधी दिवे फिके पडतात, त्यानंतर आकाश मेलेलं दिसतं. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, त्यामुळे ही वेळ युरोपातल्यासारखी रेंगाळत नाही. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड लागलेला हवा. चौकट ठरलेली हवी. मग फक्त दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत राहायचं. घरी आल्यावर कळतं की त्यातला एखाददुसराच खरा जमलेला असतो.

पुण्यात याचा सराव करायला मला झेड ब्रिज आवडतो. खाली मुठा, शेजारी मेट्रोचा मार्ग. गाडी येताना दिसली की एफ/८, आयएसओ (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर चार सेकंद उघडं. मेट्रोच्या खिडक्यांचा एक सलग उजेडाचा पट्टा होतो आणि नदीत पाणी असलं तर तो खाली पुन्हा उमटतो. पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी हे सगळं दुप्पट सुंदर दिसतं. रस्त्यावरच्या डबक्यासाठी एक युक्ती सांगते: मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन पाण्यापासून दोन बोटांवर राहते. ओंजळभर पाण्यात अख्खा वाडा मावतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर मी हे पावसाळ्यात दर वर्षी करते.

लक्ष्मी रस्ता किंवा मंडईची गर्दी टिपायची तर एक सेकंदाचं एक्स्पोजर द्या. चालणारी माणसं पाण्यासारखी वाहतात आणि जो स्थिर आहे तोच स्पष्ट राहतो. मंडईजवळ फुलांचे हार विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, मी सांगते तेव्हा दोन सेकंद अजिबात हलायचं नाही, चालेल?" त्या हातात हार धरून अशा बसल्या, की गर्दीच्या धुक्यात त्या, त्यांचा दिवा आणि झेंडू एवढंच उरलं. फोटो काढला की तिथेच दाखवायचा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना त्याची प्रिंट नेऊन दिली.

एलईडीच्या पाट्यांवर काळे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, किंवा त्याहून सावकाश. बहुतेक वेळा पट्टे जातात. आणि जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली व्हाइट बॅलन्सशी (रंग सुधारणाऱ्या सेटिंगशी) झगडू नका. त्या प्रकाशात जवळजवळ एकच रंग असतो, तो दुरुस्त होत नाही. असा फोटो सरळ कृष्णधवल करा.

चंद्र: भागिले ११०

आता गणित. आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. याचा अर्थ, तुम्ही एखाद्या वस्तूपासून जितके दूर असाल त्या अंतराला ११०नं भागा. तेवढ्या आकाराची वस्तू चंद्राएवढी दिसेल. एक किलोमीटरवरून नऊ मीटर, दीड किलोमीटरवरून साडेतेरा मीटर. देवळाच्या शिखरामागे परातीएवढा चंद्र दिसणारे फोटो असेच निघतात. फोटो काढणारा खूप लांब गेलेला असतो आणि त्याच्याकडे झूम असते. जवळून काढलात तर शिखर मोठं आणि चंद्र वाटाण्याएवढा.

माझी मावशी सिंहगड रस्त्याला राहते. तिच्या गच्चीवरून पर्वती साधारण दीड किलोमीटरवर, जवळपास पूर्वेला आहे. कोजागरीचा चंद्रही जवळपास पूर्वेलाच उगवतो, आणि पौर्णिमेचा म्हणून सूर्यास्ताच्या सुमारास. टेकडी तीनेक अंश उंच असल्यानं तो देवळामागून वर यायला आणखी बारा-तेरा मिनिटं घेतो. म्हणजे नेमका दिवेलागणीला! एवढं सगळं आपोआप जुळून येतं, पण ते मला कागदावर आकडे मांडल्यावरच दिसलं. २५० मिमी, एफ/८, आयएसओ ४००, १/६० पासून सुरुवात करून चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत शटरचा वेग वाढवत जायचं. चंद्र वर चढला की तो झपाट्यानं उजळतो. मग आयएसओ १००, एफ/११, १/१००. त्यानंतर कॅमेरा बाजूला ठेवून मसाला दूध प्यायचं.

आकडे न मांडता मी काय केलं होतं तेही सांगते, कारण ते टाळण्यासारखं आहे. पर्वतीवरून सिंहगड छान दिसतो. त्याच्यामागे मावळता चंद्र टिपायचा म्हणून मी लागोपाठ तीन पौर्णिमांना पहाटे पायऱ्या चढून गेले. दर वेळी चंद्र गडाच्या बराच उजवीकडे मावळला. पुढच्या महिन्यात सरकेल, असं वाटत राहिलं. शेवटी नकाशावर कोनमापक ठेवला. पर्वतीवरून सिंहगड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे २१४ अंशांवर येतो. आपल्या अक्षांशावर चंद्र अगदी दक्षिणेला गेला तरी २४० अंशांच्या आसपास मावळतो. तो फोटो पर्वतीवरून कधीच निघणार नव्हता. स्टेलॅरियम हे मोफत अॅप घ्या, तारीख आणि गाव घाला, चंद्र कुठल्या अंशावर उगवतो-मावळतो ते घरबसल्या दिसतं. कोनमापक मात्र तरीही वापरून बघा, हाताला समज येते.

उंचीच्या तिप्पट

आता दीपमाळ.

ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो? जितका तुमच्या गावाचा अक्षांश, साधारण तितके अंश. पुण्याच्या परिसरात साडेअठराच्या जवळपास. टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, आणि टॅन १८.५ म्हणजे ०.३३. म्हणजे कुठल्याही वस्तूच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर, तिच्या दक्षिणेला उभे राहिलात, तर ध्रुव तिच्या टोकावर दिसणार. मुंबईतही जवळजवळ तिप्पटच. कोल्हापूरला ३.३ पट, पणजीला ३.६, नागपूरला २.६. पुढच्या बाकावरच्या मुलीही हे ऐकून ताठ बसतात.

आमच्या दीपमाळेची उंची मी दुपारी सावलीवरून काढली: एक मीटरची काठी, तिची सावली, दीपमाळेची सावली, समरूप त्रिकोण. उंची आली ६.६ मीटर. कॅमेरा जमिनीपासून ०.४ मीटरवर ठेवणार होते, म्हणून ६.२ गुणिले ३, म्हणजे १८.६ मीटर. गुरवकाकांनी टेपचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "पोरी, जागा मोजतीस का काय?" देऊळ पूर्वाभिमुख, दीपमाळ त्याच्यासमोर, त्यामुळे दक्षिणेकडून पाहिलं की डाव्या हाताला देवळाचं शिखर येतं आणि उजवीकडे मोकळं रान. चौकट मला करावीच लागली नाही. बांधणाऱ्यांनी ती आधीच करून ठेवली होती.

दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर पूर्ण विसंबू नका. लोखंडी जाळी किंवा गाडी जवळ असली की ते चुकतं. अंधार पडल्यावर खाली वाकून कॅमेऱ्याच्या जागेवरून ध्रुव डोळ्यानं टोकावर आणा, पावलाभरानं इकडेतिकडे सरका. ध्रुव ओळखता येत नसेल तर नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम शोधा. ध्रुव त्याच्या खाली, हात लांब केला तर क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर.

रात्र मी त्रिपुरी पौर्णिमेची निवडली होती. ताऱ्यांच्या रेषांसाठी अमावास्याच हवी असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. पौर्णिमेला बारीक तारे जातात, पण ठळक तारे राहतात, आकाश निळं येतं आणि चांदण्यात दगड न् दगड दिसतो, टॉर्च मारावी लागत नाही. त्यातून कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेल्या लेन्समध्ये त्याचा झगमगाट येत नाही. आणि दीपमाळ पाजळते ती याच रात्री.

एक अडचण मात्र मोठी होती. देवळाच्या चौकात ग्रामपंचायतीचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा झगझगीत दिवा. त्या एका खांबानं माझ्या लहानपणचं आकाश पुसून टाकलंय; ज्या ओट्यावर आजीनं मला कृत्तिकांचा झुपका दाखवला, तिथून आता कृत्तिका दिसत नाहीत. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. सरपंचबाईंना आदल्या दिवशी जाऊन भेटले, फोटोची कल्पना वहीत काढून दाखवली. त्यांनी वायरमनदादांना सांगून दोन तास दिवा बंद करायचं कबूल केलं. दिवा गेला तेव्हा चौकात पन्नासेक माणसं होती. आधी गलका झाला, मग हळूहळू सगळे वर बघायला लागले. एक आजोबा नातीला म्हणाले, "त्यो बघ कृत्तिकांचा पुंजका." अशी परवानगी मागायला लाजू नका. मागितल्याशिवाय कळत नाही, लोकांना किती हवं असतं ते.

आता कृती. दीपमाळेवरच्या पणत्यांचा फोटो वेगळा घ्यायचा, दिवेलागणीला, आकाश निळं असतानाच: एफ/४, आयएसओ ४००, १/४ सेकंद. लांब एक्स्पोजरमध्ये ज्योती नुसत्या पांढऱ्या गोळ्या होतात. त्यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही. पूर्ण अंधार झाल्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर) एखादा ठळक तारा दहापट मोठा करून फोकसची रिंग फिरवायची. तारा सगळ्यात बारीक दिसेल तिथे थांबून रिंगवर चिकटपट्टी लावायची. मग १८ मिमी, एफ/४, आयएसओ ४००, १५ सेकंद आणि दोन फोटोंमध्ये एका सेकंदाचं अंतर. अंतर जास्त ठेवलंत तर रेषा तुटक येतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद असलंच पाहिजे, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ थांबतो. दोन तासांत ४५० फोटो होतात. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे ३० अंशांचे कंस. तेवढे पुरतात, पूर्ण वर्तुळाचा सोस करू नका.

पहिल्या वर्षी माझी बॅटरी पस्तिसाव्या मिनिटाला संपली आणि बदलताना ट्रायपॉड हलला. दुसऱ्या वर्षी साडेनऊला लेन्सवर दव धरलं. शेवटचे दीडशे फोटो दुधाळ. तिसऱ्या वर्षी पॉवरबँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळली, वरून भाच्याचा लोकरी मोजा चढवला, आणि कॅमेऱ्याला डमी बॅटरी जोडून तीही पॉवरबँकेवर चालवली. तेव्हा कुठे फोटो झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्यावर फोटो काढणार असाल तर दवाची तयारी आधी करा, लेन्सचा विचार नंतर.

घरी स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४५० फोटो टाकले, 'लाइटन' (प्रत्येक जागचा सर्वात उजळ ठिपका ठेवणारा पर्याय) निवडलं, पणत्यांचा फोटो वरून बेमालूम बसवला. हे मी लपवत नाही. एकाच रात्री, एकाच ट्रायपॉडवरून घेतलेले फोटो एकत्र करणं मला मान्य आहे. दुसऱ्या रात्रीचा चंद्र आणून चिकटवणं मला मान्य नाही. मग तीन वेळा पर्वती चढण्यात अर्थच काय राहिला? फोटो मोठा करून पाहिलात तर ध्रुवाचीही बारीकशी कमान दिसेल. तो खऱ्या ध्रुवबिंदूवर नाही, चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्त बाजूला आहे. "अढळपद" शिकवताना मुलांना हे दाखवायला मला फार आवडतं.

गावी जाणं शक्य नसेल तर सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. टाकी तीन मीटर उंच असेल तर कॅमेरा जमिनीलगत ठेवून नऊ मीटर दक्षिणेला सरका. शहरात फक्त एक्स्पोजर कमी करायचं, आठ-दहा सेकंद. आकाश राखाडी झालं की आणखी कमी. कोथरूडच्या आकाशातही तासाभरात रेषा उमटतात.

आकाशगंगेचं एवढंच

आकाशगंगेवर सगळेच लिहितात, मी दोनच गोष्टी सांगते. तिचा तेजस्वी मध्य धनू-वृश्चिकेकडे, म्हणजे आपल्या दक्षिणेला असतो. म्हणून शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे पडतो. पुण्याहून भोर-वेल्ह्याकडे, मुंबईहून मुरूड-श्रीवर्धनकडे. उत्तरेला गेलात तर आकाशगंगेच्या पायथ्याशी शहराचा नारिंगी घुमट येऊन बसतो. दुसरं, वेळ: एप्रिलमध्ये मध्यरात्र उलटल्यावर, मेमध्ये अकरापासून, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैर्ऋत्येला. कालनिर्णयात अमावास्या बघून ठेवा. क्रॉप सेन्सर, १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद, असे वीस फोटो घेऊन सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. विदर्भातल्या वाचकांना तर पेंच जवळ आहे; आपल्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. एकट्यानं जाऊ नका. मी भाऊ किंवा भाच्याला घेतल्याशिवाय गावाबाहेर ट्रायपॉड लावत नाही. आकाश ओळखायला शिकायचं असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हेच काम करते आहे.

माझ्या वहीत आता पुढचं पान आहे ते अगस्त्याचं. हा तारा दक्षिणेला सर्वात वर येतो तेव्हा आमच्या गावाहून एकोणीस अंशांवर असतो, म्हणजे उत्तरेला ध्रुव जितका उंच, जवळजवळ तितकाच. त्याच दीपमाळेच्या उत्तरेला गेलं तर तिपटीपेक्षा किंचित कमी, १८ मीटरवर तो टोकावर यायला हवा. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास, मार्चच्या सुरुवातीला त्याच्या तासभर आधी. महाशिवरात्र याच दिवसांत येते आणि ती माघ वद्य चतुर्दशी, चंद्र नसलेली रात्र. रेषा नकोत, एकच तारा हवा: ५० मिमी, एफ/२.८, आयएसओ १६००, पाच सेकंद. वायरमनदादांना सांगून ठेवलंय, आणि उत्तरेच्या बाजूला १८ मीटरवर चुन्यानं खूण केली आहे.